तोंडातले सुरवंट

कोपरीतल्या लॅबमधल्या बाई मायक्रोस्कोपला डोळा लावताना "हं, या" म्हणतात, जणू जंतूच भेटायला आलेत. वडिलांच्या शुगरसाठी मी दर महिन्याला तिथे जातो. बाईंचा आवाज चढलेला मात्र एकदाच ऐकला.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरने एका मासेवाल्या मावशींच्या तोंडातला नमुना तपासायला आणला होता. मावशीही समोरच बसल्या होत्या. भिंगातून बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शी! अळ्या आहेत. ही लोकं दात घासतात तरी का?" मावशींची मान खाली गेली. माझं डोकं फिरलं.

बाई ताडकन उठल्या. "अळ्या नाहीत, बॅक्टेरिया आहेत. एकाचे दोन होतात, पण सुटे होत नाहीत. शेजारीशेजारी चिकटूनच वाढतात, म्हणून सुरवंटासारखे दिसतात. निरोगी तोंडातही असतात. माझ्याही आहेत, कॉलेजपासून माहीत आहे मला." त्यांनी काडीने स्वतःचा गाल आतून खरवडला, काडी काचेवर पुसली आणि ती काच भिंगाखाली सरकवली. "बघा."

तेच सुरवंट दिसले. "सॉरी, मॅडम," डॉक्टर पुटपुटला.

"मला कशाला? त्यांना म्हणा. आणि मघाशी बोललात तेवढ्याच मोठ्याने!"

त्याला म्हणावं लागलं. मावशी त्याच्याकडे न बघता उठल्या आणि बाईंना म्हणाल्या, "मना पन दाखव ना गो बाय, कशी दिसतान ती."