बोअरच्या गाडीवरची बाई

बेबाबाईनं कानाला हेडफोन लावला की आसपासचे लोक बोलायचे थांबत. हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते पारोळ्याजवळच्या एका खेड्यात, सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात.

तिचा नवरा वना बोअरच्या गाडीवर मशीन चालवायचा. पाण्याची ओढ होती, त्यामुळे गाडी आज साक्रीकडे तर उद्या चोपड्याकडे. धुळ्यात एकटं राहण्यापेक्षा बेबाबाई गाडीसोबतच निघाली होती. चार माणसांच्या भाकरी थापायची आणि मग स्वतःच्या कामाला बसायची.

काम होतं पुण्याच्या एका संस्थेचं. त्यांची माणसं खानदेशात हिंडून म्हाताऱ्या बायांची गाणी टेप करून गेली होती, पण ती अहिराणी तिकडे कुणाला उमजेना. बेबाबाई बारावी झालेली. कॅसेटी धुळ्याला बहिणीच्या पत्त्यावर यायच्या. वना डिझेलच्या कामानं गेला की घेऊन यायचा. बेबाबाई त्या ऐकून शब्दाला शब्द उतरवायची. मशीनच्या धडधडीत नीट ऐकू यावं म्हणून हेडफोन. गाडी थांबलेली असली तर तिच्या सावलीत, चालू असली तर केबिनमध्ये मांडीवर पाट घेऊन. पुण्याच्या बाईंनी एकदा कार्डावर विचारलंही, ‘अक्षर दोन तऱ्हांचं दिसतं, लिहिता तुम्हीच ना?’ रस्त्याचे खड्डे पुण्याला कसे कळवायचे, हे तिला सुचलं नाही.

त्या खेड्यात चुडामण आबांचा बोअर कोरडा गेला. नुसती धूळ उडत राहिली. संध्याकाळी आबा तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

“तुले मालूम व्हतं,” ते म्हणाले.

“काय, आबा?”

“खाल पानी नही ते. सकायपासून कानले लाईसन बठेल शे तू.”

बेबाबाईला आधी काही कळेना. ती जमिनीखालचं पाणी ऐकते असं आबांना वाटतंय, हे कळलं तेव्हा तिनं हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. आत एक म्हातारी जात्यावरचं गाणं म्हणत होती. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“हाई ते गानं शे,” ते म्हणाले. “पन खालनं काय आयकस, ते सांग ना.”

नाही म्हणून सांगितलं तरी त्यांना ते पटलं नाही. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत लोक तिच्याकडे बघत होते.

चोपड्याच्या बाजूला मात्र उलटंच झालं. गाडी थांबायच्या आत बायाबापड्या जमल्या. कुणी नारळ आणलेला. “तीच का ती ऐकणारी?” असं कुणी तरी विचारलं. बेबाबाईला चैन पडेना. त्या खेड्यातलं कुणी इकडे आलेलं नव्हतं. मग ही गोष्ट गाडीच्या आधी पोचली कशी? गाडीच्या पुढे जाऊन सौदे ठरवणारा माणूस एकच होता, गाडीचे मालक रतिलालशेठ.

शेठ दुपारी मोटरसायकलवर आले. हसून म्हणाले, “ताई, बोअर पाडायच्या पॉइंटवर दोन मिनिटं बसा कानाला लावून. कॅसेट तुमचीच चालू द्या. कुणाला काही सांगायचं नाही.”

“आणि पाणी नाही लागलं तर?”

“तर त्याचं नशीब.”

“लोक नाव माझं घेतील, शेठ.”

शेठनी वनाकडे बघितलं. ते बघणं बेबाबाईला खटकलं. शेठ गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

वना हाताचं ग्रीस चिंधीनं पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला. “शेठ म्हणाले, बोअरला बोलावणारी गावं वाढतील,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुझं काय जातं त्यात.”

तिनं टेप गोधडीत गुंडाळला, कॅसेटींची पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन धुळ्याची एसटी धरली. वना फाट्यापर्यंत मागे आला, पण थांब म्हणाला नाही.

बहिणीच्या घरी निवांतपणा होता, पंखा होता, टेबलही होतं. तरी गाडीवर व्हायचं तितकं काम इथं होईना. एकेका ओळीपाशी ती अडून बसायची. वना हे केव्हापासून जाणून होता? बायांना नारळ आणायला कुणी सांगितलं असेल? कॅसेट पुढे जाऊन संपायची आणि कागद कोराच राहायचा. शेवटी ती सकाळीच एसटी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसायला लागली. तिथल्या गलक्यात हात पुन्हा चालू लागला. कँटीनवाला टक लावून बघायचा. तिनं पाठ भिंतीला लावून बसायची सवय केली.

पावसाळ्यात गाड्या थांबल्या तसा वना आला. दारात चपला काढून उभा राहिला. तिनं ताट वाढलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, “एवढे दिवस तुझ्याबरोबर होतो, पण तू काय ऐकतेस ते मी कधी ऐकलंच नाही.”

तिनं हेडफोन त्याच्या हातात दिला आणि बटण दाबलं. म्हातारी गाऊ लागली. वनानं डोळे मिटले. बेबाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा खरंच ऐकतोय की ऐकल्याचं दाखवतोय, हे तिला काही केल्या कळेना.