सायकल बंद केली, तरी पाय उचलेना

सतीशरावांचं उजवं पाऊल घोट्यातून वर उचलत नव्हतं आणि सोमवारी पुण्यात त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या दिवशी शुक्रवार होता. ते माझ्याकडे आले होते ऑपरेशननंतरचे व्यायाम आधीच शिकून घ्यायला. नंतर दुखत असेल तेव्हा काही डोक्यात शिरणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दवाखाना बारामतीत आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस मी इंदापुरात पेशंट बघते. सतीशराव इंदापुरातच एका सरकारी कार्यालयात लिपिक. राहायला बारामतीजवळच्या कन्हेरी गावात. वय पंचेचाळीस. रजा वाढवून घ्यायला ऑफिसात आले होते, तिथून पत्नीसह सरळ माझ्याकडे.

चालताना ते उजवा गुडघा गरजेपेक्षा वर उचलायचे आणि पाऊल फरशीवर फट्कन आपटायचं. आमच्या भाषेत याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल वर ओढणारे स्नायू काम करत नाहीत, म्हणून पंजा खाली लोंबतो. चप्पल निसटली तरी पुढे गेल्यावरच कळायचं.

दोष कुणाचा, हे घरात ठरून गेलं होतं. सायकलचा. सतीशराव दीड वर्षापासून नियमित सायकल चालवत. बारामतीच्या एका ग्रुपबरोबर दर रविवारी भिगवणपर्यंत जाऊन येत. वजन त्र्याण्णव किलोवरून पंच्याहत्तरवर आणलं होतं. त्यांच्या बोलण्यात हा आकडा लवकर यायचा.

मध्यंतरी सायकलवर तासभर झाला की त्यांच्या पायाची बोटं बधिर व्हायची. ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला. कुणी सीट खाली घ्या म्हणालं, कुणी वर. शेवटी त्यांनी एक नंबर मोठे बूट घेतले आणि बधिरपणा गेला. सायकलवाल्यांत ही तक्रार नेहमीची आहे. घट्ट बुटात पंजाच्या पुढच्या भागावर दाब येतो, बोटांमधल्या बारीक नसा दबतात. बूट सैल केले, पाय पेडलवर थोडा पुढेमागे केला की बहुतेकांचं भागतं.

पण त्यानंतर काही आठवड्यांनी पाऊलच उचलेना. घरच्यांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. आधी बधिर झालं, मग लुळं पडलं, सगळं सायकलनंच केलं. पत्नीने सायकलला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवली. फॅमिली डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. एमआरआयमध्ये कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली. पुण्याच्या सर्जनने सांगितलं होतं की ताकद आणखी कमी होत असेल तर थांबू नका. ती कमी होत होती, म्हणून सोमवार.

मी व्यायाम शिकवायच्या आधी ताकद मोजते. शून्य ते पाच असं माप असतं. पाच म्हणजे पूर्ण, तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध जेमतेम उचलता येणं. फॅमिली डॉक्टरांनी विश्रांतीच्या सुरुवातीला तीन लिहिलं होतं. मला दोन मिळाले.

इथे मी अस्वस्थ झाले. सायकल बंद, ऑफिस बंद, माणूस घरी पडून, आणि ताकद तीनची दोन. सायकलचा दोष असता तर ती थांबवल्यावर निदान आहे तिथे थांबायला हवं होतं. गादीचा असू शकत होता, पण कंबर दुखते का विचारलं तर ते म्हणाले, "कंबर एकदम ओके, मॅडम. एमआरआय बघितल्यापासून जरा दुखल्यागत वाटतंय, तेवढंच."

मग मी एक साधी तपासणी केली. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं आणि हाताने अडवलं. पूर्ण ताकद. बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं, तर जवळजवळ काही नाही. पाऊल वर उचलणारी आणि बाहेर वळवणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाच्या एका उंचवट्याला वळसा घालून खाली जाते. आत वळवणारी नस वेगळ्या वाटेने जाते. कमरेपाशी मात्र दोन्हींचं मूळ एकच. म्हणजे दाब कमरेत असता तर आत वळवायची ताकदही कमी व्हायला हवी होती. ती शाबूत होती. त्या उंचवट्याखाली मी बोटाने टिचकी मारली. सतीशरावांनी पाय झटकला. करंट लागल्यासारखी झिणझिणी थेट पावलापर्यंत गेली होती.

मी विचारलं, "दिवसभर घरी काय करता?"

"काय न्हाय. आरामच."

"आराम म्हणजे झोपून असता?"

"झोपून कसं बसवंल मॅडम, माणसाला? शेडमधी असतो."

कसली शेड, ते पत्नीने सांगितलं. त्यांचं नाव कल्पना. सतीशरावांचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, उसाची रोपं करून विकतात. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा कापायचा, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचा, एकेका खळग्यात एकेक डोळा ठेवायचा. हंगाम असल्याने मागणी होती. सुट्टीच्या दिवशी सतीशराव आधीपासूनच हात लावत, आणि रजेवर आल्यापासून रोज.

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का?"

कल्पनाताईंना प्रश्नच कळला नाही. "त्यात सांगायचं काय? उभं राहू नका, चालू नका म्हणाले व्हते. बसूनच तर असत्यात."

"कसं बसता ते दाखवा."

सतीशराव फरशीवर उकिडवे बसले. टाचा टेकवून, गुडघे छातीशी, अगदी सहज. वर अभिमानाने म्हणाले, "आधी पोट आडवं यायचं, असं बसताच येत नव्हतं. आता तासन् तास बसतो."

मी त्यांना लगेच उठवलं आणि खुर्चीत बसवलं. उकिडवं बसलं की ती नस गुडघ्यापाशी ताणली जाते आणि चिमटते. त्या जागी नसेवर चरबीची एक पातळ गादी असते, तीच तिचं संरक्षण. झपाट्याने वजन उतरलेल्या माणसात ती गादीही उतरते. अठरा किलो कमी झाल्याने सतीशरावांना उकिडवं बसता येऊ लागलं होतं, आणि त्याच अठरा किलोंमुळे त्या बसण्याला नस तोंड देऊ शकत नव्हती. शेतकरी घरात धडधाकट दिसणारा माणूस नुसता पडून राहत नाही. आणि बसून केलेलं काम कामात धरत नाहीत.

मी हे सांगितल्यावर कल्पनाताईंचा चेहरा कडक झाला.

"मॅडम, तारीख कशी मिळालीय ते आमाला म्हाईत. माझ्या भावानं किती ओळखी लावल्या. आता ऐन टायमाला दुसरंच काय काढू नका. उद्या पाय कायमचा गेला तर तुमी येणार का?"

हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारत होते. माझं चुकलं असतं आणि दाब खरंच कमरेत असता, तर उशीर केल्याने ते पाऊल कायमचं गेलं असतं. मी सर्जन नाही. ऑपरेशन करू नका, असं सांगायचा मला अधिकार नाही आणि मी तसं सांगितलं नाही. सर्जनशी बोलते, एवढंच म्हणाले. तोवर पायाला पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट लावा, आणि उकिडवं अजिबात बसायचं नाही. मांडी नाही, पायावर पाय नाही.

फोन लावला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते. निरोप ठेवला. पुढचे दोन पेशंट बघताना माझं लक्ष मोबाइलकडे होतं. एका आजींच्या दुखऱ्या खांद्याऐवजी मी चांगला खांदा हातात घेतला. "पोरी, ह्यो न्हाय, त्यो," असं त्यांनी मला सांगितलं.

बारामतीच्या वाटेवर फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. मागून उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यामुळे एक कान दाबून बोलावं लागत होतं.

"एमआरआय बघितलात ना तुम्ही?" सर्जनने विचारलं.

"बघितला. गादी आहे बाहेर. पण सर, इन्व्हर्जन पाचपैकी पाच आहे. इव्हर्जन एक."

इन्व्हर्जन म्हणजे आत वळवणं, इव्हर्जन म्हणजे बाहेर.

"माझ्याकडे आले तेव्हा पाय इतका दुबळा नव्हता, फरक कळत नव्हता. नक्की पाच?"

"दोनदा बघितलं. आणि रोज उकिडवे बसून काम करतात. तुम्हाला सांगितलं नसेल."

"मला आराम करतोय म्हणाले."

"त्यांच्या मते तो आरामच आहे."

त्यांनी वाद घातला नाही. उद्याच्या उद्या नसांची तपासणी करून घ्या म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय सोमवारचं रद्द करणार नाही. मला तेच बरोबर वाटलं. या तपासणीत नसेला ठिकठिकाणी विजेचा हलका झटका देऊन संदेश कुठे अडतो ते बघतात. शनिवारी बारामतीत त्याची सोय होती. कल्पनाताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "करतो. पण सोमवारची पिशवी भरून ठेवलेली हाय."

शनिवारी दुपारी भाजी निवडताना रिपोर्टचा फोटो आला. चष्मा सापडेना, मुलीचा घातला. गुडघ्याच्या खाली संदेश ठीक जात होता. गुडघ्याच्या वरून पाठवला की त्या उंचवट्यापाशी जवळजवळ संपत होता. कमरेतून निघणाऱ्या बाकीच्या नसांचे संदेश चांगले होते. नस तुटलेली नव्हती, दबलेली होती. मी तो सर्जनना पाठवला आणि अर्ध्या तासात त्यांचा निरोप आला की सोमवारचं रद्द, सहा आठवड्यांनी दाखवा, ताकद आणखी घसरली तर लगेच या.

आता सगळी भिस्त सतीशरावांच्या बसण्यावर होती, म्हणून पुढच्या आठवड्यात मी कन्हेरीला गेले. तात्या शेडच्या दारात उभे होते. आपल्या रोपांवर ठपका आला, याचा राग होता.

"म्या सत्तर वर्सं असाच बसतोय," ते म्हणाले. "माझा पाय कसा न्हाय गेला?"

"तात्या, तुम्ही सत्तर वर्षं बसताय, तुमचं शरीर त्याला तयार आहे. हे दीड वर्षापूर्वी खुर्चीतून उठले."

तात्या दारातून बाजूला झाले. मग नातवाच्या अभ्यासाचं जुनं टेबल शेडमध्ये आणायला सांगितलं आणि म्हणाले, "लावा सायबाला टेबल. फक्त घंटी ठिवू नका, न्हायतर च्या मागंल." सतीशराव सगळ्यात मोठ्याने हसले. कल्पनाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच सुधरंल का?" मी म्हणाले, बहुतेक सुधारेल, पण हळूहळू, आणि पूर्ण होईल असं आज लिहून देत नाही.

सहा आठवड्यांनी तीन मिळाले. पाचव्या महिन्यात साडेचार. अंगठा अजून मन लावून वर येत नाही, आणि तो तसाच राहील असं मला वाटतं. स्प्लिंट सुटला. सायकलची किल्ली कल्पनाताईंनी परत दिली, पण भिगवणपर्यंत नाही, निम्म्या वाटेपर्यंतच, या अटीवर. सतीशराव ती अट किती पाळतात, हे मी विचारलेलं नाही.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. पेशंटला आराम करा असं सांगून मी आता थांबत नाही. आरामात तुम्ही काय काय करता, ते विचारते, आणि उत्तर शक्यतो बायकोकडून घेते.