फोटोचा चेक

“हात मागं घ्या, मावशी. काळे दिसतात फोटोत.”

हे माझ्या मायला ऐकवलं गेलं भंडाऱ्याच्या कर्जमेळाव्यात. भर मंचावर, माइक चालू असताना. ऐकवणारा बँकेचा साहेब. सगळा हॉल हसला. माय पण हसली. तिचं ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

माय बाजारातल्या दुकानांची पितळी भांडी घरी आणून घासते. चिंच, विटेची भुकटी आणि मनगट. पाण्याचा गुंड लखलखतो, काळं सगळं हातावर येतं. आता मनगटानं दगा दिला. भरलेला तांब्या धरवत नाही. म्हणून पॉलिशची मशीन पाहिजे होती, आणि मशीनसाठी कर्ज. भीक नव्हती ती.

मंचावर तिच्या हाती थर्माकोलचा चेक दिला, आमच्या दारातून आडवा आत येणार नाही एवढा. वर तिच्या नावाची पट्टी. “विनातारण, विनाजामीन!” साहेब माइकवर ओरडला. टाळ्या. फोटो. आणि मंचामागं शिपायानं चेक काढून घेतला. पुढच्या कार्यक्रमाला लागतो म्हणे.

फोटो मोबाइलवर गावभर फिरला. शेजारची काकू उसने मागायला आली. माय नाही म्हणाली, तर काकू फणकारली, “एवढा मोठा चेक भेटला वं तुले, अन् आमच्यापाशी गरिबी सांगून राहिली?”

आम्ही दोघी बँकेत गेलो. तोच साहेब.

“मावशी, तो फोटोचा चेक होता. कर्जाचं वेगळं असते. जामीनदार आणा. जवाहरनगरच्या फॅक्टरीत कोणी पगारदार आहे का ओळखीचा?”

“तुमीच तं म्हनलं, जामीन लागत नाही,” माय म्हणाली.

“ते मेळाव्यात म्हणतात.”

जामीन! जामिनावर चोर सुटतो. माझ्या मायनं काय चोरलं होतं? जन्मभर घासलेल्या भांड्यांची किंमत शून्य, आणि अनोळखी पगारदाराची सही झाली की ती बाई खरी! मी म्हटलं, नकार लिहून द्या. साहेब म्हणाला, “नकार कुठं दिला? प्रोसेसमध्ये आहे.”

वर्षभर आम्ही प्रोसेसमध्ये राहिलो.

मग बँकेतून फोन आला. मोहाडीला मेळावा आहे, मावशीला आणा, यशस्वी उद्योजिका म्हणून दोन शब्द बोलतील. आणि हो, हात जरा धुऊन.

“मी नाही जात,” माय म्हणाली. “मी का त्याहिची बाहुली आहो?”

“जाऊन राहिलो आपण,” मी म्हटलं. “हात नको धुवू.”

मोहाडीत तोच चेक, वर पुन्हा मायच्या नावाची पट्टी. मायनं दोन्ही हात पुढून ठेवले, पांढऱ्या थर्माकोलवर, बोटं पसरून. फोटो झाला. शिपायानं चेक ओढला. माय सोडेना. मी मंचावर चढले आणि दुसरी कड धरली.

“मावशी, सोडा. लोक पाहून राहिले,” साहेब दात आवळून म्हणाला.

“काहून सोडू? माह्यंच नाव हाय ना याच्यावर?”

माइक चालूच होता. हॉल पुन्हा हसला. या वेळी आमच्यावर नाही.

चेक आम्ही एसटीनं घरी आणला. कंडक्टर म्हणाला, “याचं तिकीट कोण काढन?”

माय म्हणाली, “बँक.”

कर्ज अजून मिळालेलं नाही. मशीन नाही. माय अजूनही हातानंच घासते, दुखलं की डाव्या हातानं. पण दर सोमवारी तो चेक घेऊन आम्ही बँकेच्या दारात उभ्या राहतो. मंचावर टाळ्या घेऊन रिकाम्या हातानं परतलेल्या बाया आता सोबत येतात. कोसा रेशीम विणणारी आहे, पापडवाली आहे. आमची मागणी एका ओळीची: कर्ज द्या, नाहीतर ‘देत नाही’ असं लिहून खाली सही करा. साहेब मागच्या दारानं निघून जातो. येत्या सोमवारी आम्ही मागच्या दारालाही असू.

फोटो पाहिजे असेल तर काढा. हात पुढंच राहतील.