जीव हाय गं, थांब

फोन आला तेव्हा मी माहेरी, इचलकरंजीत होते. मागच्या शेडमध्ये माग चालू होते, त्यामुळे निम्मं ऐकू येत होतं, निम्मं नाही. पुतण्या सन्मती पलीकडून म्हणाला, "काकू, आई गेली." आणि मी, कुणी विचारणार नाही असा प्रश्न विचारला, "कुठल्या रोडला?" तो गप्प झाला. मला वाटलं मागांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी ओरडून परत तेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "रोडला न्हाई काकू... घरातच. खुर्चीवर बसून तांदूळ निवडत हुती." "आणि सायकल?" "सायकल हाय की दारात." मला पटेचना. इतकी वर्षं मी जिच्या धास्तीनं झोपेतनं दचकून उठत होते ती बातमी आली होती, पण भलत्याच वाटेनं. ट्रक नाही, एसटी नाही, उसाचा ट्रॅक्टर नाही. मांडीवर सूप घेऊन बसल्या जागी तिचं काळीज थांबलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, साखरेच्या माणसाला कधीकधी छातीत दुखतसुद्धा नाही. असेल. मी मात्र कायम रस्त्याकडं बघत राहिले, आणि ते घरातून आलं.

सन्मतीची आई, अक्का, ही माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, रीतच आहे आमच्यात, पण मनात ती कायम 'ती'च राहिली, म्हणून इथंही तसंच लिहिते. ती हुपरीकडच्या एका खेड्यातली. आईला अव्वा म्हणायची, रागावली की कानडी बोलायची, आणि लहानपणी वडलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शेतापर्यंत सायकल मारायची. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि ते सगळं मिटलं. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कधीतरी तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला, तर गुडघे चालू देईनात. डॉक्टर म्हणाले, मग सायकल चालवा. दुसरी एखादी बाई हसून घरी आली असती. अक्का दवाखान्यातून परस्पर सायकलच्या दुकानात गेली आणि तिथून आमच्या दारात येऊन मला म्हणाली, "शैले, तूबी घे एक. एकटीला लोक हसत्यात, दोघी असलो की दमत्यात हसून."

आता मी पडले भित्री भागूबाई. शाळेत असताना एकदा सायकलवरून गटारात पडले होते, त्यानंतर कॅरिअरवर बसायलासुद्धा घाबरायचे. आमचे हे म्हणाले, जा की, तेवढाच वारा लागेल. ह्यांना बोलायला काय जातंय. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, अंगात लेकींचे पंजाबी ड्रेस, डोक्याला स्कार्फ, अशा आम्ही उजाडता उजाडता रंकाळ्यावर निघायचो. ती पुढं, मी मागं. फिरायला आलेली मंडळी थांबून बघायची. दुधाच्या कट्ट्यावरचा एकजण रोज विचारायचा, "मावशी, रेस कधी हाय?" अक्का म्हणायची, "तुझ्या लग्नात." मी मात्र हँडल घट्ट धरून नवकार म्हणत असायचे. कुत्रं आडवं आलं तरी मी पाय टेकवून थांबायचे, आणि रंकाळ्यावर कुत्र्यांना काय तोटा.

पण खरी भीती पहिल्या पावसाळ्यात सुरू झाली. पावसात आमच्याकडं रस्त्यावर वाणी निघतात, ते लालसर, बारीक पायांचे, काडी लावली की वेटोळं करून बसणारे किडे. आम्ही जैन माणसं, पाय जपून टाकायला लहानपणापासून शिकलेली, ते खरं. पण पायानं चालताना जपणं वेगळं आणि सायकलवरून जपणं वेगळं. अक्काला रस्त्यावर वाणी दिसला, गोगलगाय दिसली, बेडकाचं पिल्लू दिसलं, की ती ओरडायची, "जीव हाय गं, थांब!" आणि कचकन ब्रेक दाबायची. मागून काय येतंय, पुढून काय येतंय, बघायचं नाव नाही. एकदा फुलेवाडीच्या अलीकडं असंच झालं. पाऊस नुकताच उघडला होता, मागून एसटी हॉर्न देत आली आणि नेमकी तेव्हाच ही थांबली. रस्त्याच्या मधोमध नव्हती, पण कडेलाही नव्हती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, मान बाहेर काढून म्हणाला, "मरायला आमचीच गाडी घावली व्हय ओ?" अक्का वाकून काडीवर वाणी घेत होती. मान वर न करता म्हणाली, "जरा दम खावा की पावणं. एवढं पाय हाईत त्याला, येळ लागणारच."

सगळी एसटी हसली. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर मी तिला सांगून टाकलं की उद्यापासून मी येणार नाही, त्या वाण्याचा जीव वाचवता वाचवता माझा जातो. ती शांतपणे म्हणाली, "तू मागं हाईस म्हणून तर मला भ्या वाटत न्हाई." तिची भीती ती माझ्याकडं ठेवायला देऊन मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी फाटकाशी घंटी वाजली आणि मी मुकाट बाहेर आले. असंच चाललं मग. ह्यांना वाटायचं मी तब्येतीसाठी जाते. कसली तब्येत... मी गेले नाही तर ती एकटी जाईल, या भीतीपोटी मी जात होते.

ती एक सकाळ मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. भाद्रपदात पर्युषण होतं. अक्का दिवसातून एकदाच जेवायची, तेही दुपारी. मी आधीच बजावलं होतं की या दिवसांत सायकल नको. "बरं," म्हणाली, आणि सकाळी फाटकाशी घंटी. मला वाटलं उपासाला हिनं साखरेची गोळी बंद ठेवली असेल. पण अक्काचा हिशेब वेगळाच. औषध म्हणजे काय खाणं न्हवं, म्हणजे गोळीनं नेम मोडत नाही. आणि गोळी चुकवायची नाही हा डॉक्टरांचा नेम, तोही मोडायचा नाही. देवाचा आणि डॉक्टरांचा, दोन्ही नेम तिनं अगदी मनापासून पाळले होते, म्हणजे गोळी घेतली होती, तीही रिकाम्या पोटी. बालिंग्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा तिची सायकल थोडी डुलत होती. मला वाटलं वारा असेल. मग रस्त्यावर एक वाणी दिसला. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत ब्रेकवर बोटं ठेवली... आणि ती ओरडलीच नाही. तिचं चाक सरळ त्याच्यावरून गेलं. एसटी अंगावर आली तेव्हा भ्याले नव्हते एवढी मी त्या गप्पपणाला भ्याले.

"अक्का!" मी ओरडले. ती थांबली, म्हणजे सायकलच झाडाला जाऊन टेकली. तोंड घामानं भिजलेलं, ओठ पांढरेफटक. माझ्याकडं बघून म्हणाली, "अव्वा, सायकल आणली बघ." मला ओळखलंच नव्हतं तिनं. साखर उतरली हे आता मला कळलं; समोर चहाची टपरी होती, तिथून मी गुळाचा खडा आणला. आणि या बाईनं दात आवळून धरले. माणूस ओळखत नव्हती, पण नेम ओळखत होती. मी तिचा जबडा धरला आणि रडत रडत ओरडले, "वाणी जीव, बेडूक जीव, आणि तुम्ही काय धोंडा? तुमचा जीव न्हवं व्हय हा?" ते तिच्यापर्यंत पोचलं की गुळाचा वास पोचला, देव जाणे. दात सैल झाले. टपरीवाला छत्री धरून उभा होता, तो आपल्याशीच "व्हतंय बरं, व्हतंय बरं" म्हणत होता. हळूहळू तिच्या डोळ्यांत ओळख आली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "शैले, माझा नेम मोडलास."

"मोडला."

"बस्तीत मुनी महाराजांना सांगावं लागंल."

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

मग तिनं रस्त्याकडं बघून अगदी हळू विचारलं, "माझ्या चाकाखाली काय आलं तर न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "काय न्हाई." ते खोटं होतं, आणि परत विचारलं तर परत तेच सांगेन.

त्यानंतर तिच्या सायकलच्या बास्केटमध्ये गुळाची एक डबी आली. रोज सकाळी फाटकाशी घंटी वाजवायची, मी बाहेर आले की डबी उघडून खडा तोंडात टाकायची आणि लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवायची. "बघितलंस? चल आता." पर्युषणात सायकल बंद, हे मात्र तिनं मान्य केलं. तेवढे दिवस मी गाढ झोपायचे. बाकी वर्षभर भीती तशीच. नवीन मोटारसायकली आल्या, गाड्या वाढल्या, तिचे केस पांढरे झाले, आणि ती थांबतच राहिली. माझं वजन इतक्या वर्षांत काडीइतकं कमी झालं नाही. भीतीनं भूक लागते म्हणतात ते खरं असावं.

आता उजाडायच्या सुमाराला जाग येते. फाटकाच्या घंटीकडं कान लागतात, ती जुनी भीती जागी होते. मग आठवतं की आता भ्यायचं काही कारण नाही, आणि मग जे वाटतं त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. नुसती भीती बरी होती. भीतीला निदान कुणीतरी पुढं असायचं.

सुतक फिटल्यावर मी अक्काच्या घरी गेले. सायकल दारातच होती. सन्मती पाण्याची नळी घेऊन उभा होता, म्हणाला, "काकू, मुंग्या लागल्यात, धुऊन घेतो." बघितलं तर भिंतीवरून स्टँडवर, स्टँडवरून बास्केटमध्ये मुंग्यांची रांग लागली होती. डबीचं झाकण किलकिलं राहिलेलं. माझ्या घरात मुंग्या दिसल्या की मी ओल्या फडक्यानं पुसून मोकळी होते, पाप लागलं तर लागू दे. पण तोंडातून निघून गेलं, "थांब रे, जीव हाय." सन्मतीनं माझ्याकडं बघितलं आणि नळी खाली ठेवली.

गूळ संपेपर्यंत सायकल हलवायची नाही, असं त्याला बजावून आलेय. रोज सकाळी जाऊन डबीत डोकावते. थोडा उरलाय अजून. तो संपेल याची मला भीती वाटते.