सहाबारी आणि सहा टोप्या

ऐकायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. अंगावर सांडलं तर मी जबाबदार न्हाय!

त्या वर्षी आमच्या अनगोळच्या मंडळानं मैदानात इंग्रजांविरुद्धच्या बंडाचा देखावा करायचं ठरवलं. माझा मेहुणा नारायण बंडखोर. मी इंग्रज अधिकारी, का तर उन्हात मी लाल होतो! माझ्या हाताखाली पाच शिपाई. शेवटी मी बार काढायचा आणि नारायणानं छाती पुढं काढून मरायचं. त्यात त्याला बघायला उचगावची पाहुणे मंडळी नेमकी त्याच संध्याकाळी येणार. म्हणजे पोराचं लग्न ठरायचं तर आधी मरण झकास व्हायला पाहिजे!

बंदूक निपाणीच्या बाबू आप्पांची. लष्करातून निवृत्त झालेले, नेमबाजीचे लई शौकीन. जुन्या काळच्या सहाबारी रिव्हॉल्व्हरची हुबेहूब नक्कल त्यांच्याकडं होती, परवान्यासकट.

"गोळी घालणार न्हाय. नुसती दारू," आप्पा म्हणाले.

नारायणाचे कान टवकारले. "बंदुकीची दारू रं!" मी त्याला दटावलं.

बघा, तो शब्द मला बरोबर कळला. तिथंच घात झाला! एक कळला म्हटल्यावर सगळेच कळतात असं वाटायला लागलं.

"दारू मी भरतो," आप्पा म्हणाले. "टोप्या संपल्यात माझ्याकडच्या. तेवढ्या तू बेळगावात बघ."

"किती आणू?"

"सहा."

पाच शिपाई आणि मी. बरोबर की न्हाय?

"बारक्या घे. ढिल्ली असली की निसटून पडती. दाबून बसव. आणि अगदी शेवटाला घाल, आधी घालू नको."

"व्हय आप्पा, घामानं खराब होती."

"ओल लागूच देऊ नको. टोपी न्हाय तर बार न्हाय, ध्यानात ठेव!"

पटलंच मला. टोपीशिवाय साहेबाचा रुबाब तो काय?

मग काय, सायकलवरून सगळं बेळगाव पालथं घातलं. एक दुकानदार "साहेबाची टोपी? इल्ल री, न्हाय!" म्हणून असा हसला की विचारू नका. कंग्राळीत तर एका शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावरची मागून आणली. तीच माझ्या वाट्याला आली. आणि बारकी घ्यायची ना? इतकी बारकी की दाबून बसवल्यावर डोळे बाहेर यायला लागले!

संध्याकाळी मैदान भरलं. आप्पांनी दारू भरून बंदूक माझ्या हातात दिली.

"टोप्या मिळाल्या न्हवं?"

"सहाच्या सहा!"

"शाब्बास," म्हणून ते पुढच्या रांगेत पाहुण्यांशेजारी जाऊन बसले.

देखावा रंगला. नारायण गरजला, "मार गोळी, फिरंग्या!"

मी चाप ओढला. खट्!

"मार म्हणतोय न्हवं!" खट्!

"मार की रं भावजी," तो दात दाबून कुजबुजला, "पाहुणं बघाय लागल्यात!" खट्! खट्!

शेवटी मी तोंडानंच ओरडलो, "ठो!"

नारायण बिचारा पडला. पब्लिक खदखदायला लागलं. तेवढ्यात आप्पा उठून ओरडले, "अरं, टोपी घातलीस का?"

"ही काय!" मी डोक्यावर थापटून दाखवलं.

"डोक्यात न्हाय रं येड्या, बंदुकीला! बंदुकीला!"

आता घाबरलेल्या माणसानं काय करावं? मी डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि बंदुकीच्या नळीवर अडकवली. आणि वर पुन्हा चाप ओढला!

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. दारूला ठिणगी देणारी तांब्याची टोपी, करंगळीच्या नखापेक्षा बारकी, मागच्या बाजूला बसवायची असते, हे मला तिथं भर मैदानात, हजार माणसांच्या देखत कळलं. मग हे आधी सांगायला काय झालतं, सांगा की!

नारायण मेल्या जागी पोट धरून लोळत हसत होता. पाहुणे म्हणाले, "पोरगं हसऱ्या स्वभावाचं दिसतंय," आणि लग्न ठरवूनच गेले. त्याचं सोनं झालं, नाव माझं खराब!

पुढच्या वर्षी मंडळानं मला एकच काम दिलं: पडदा उघडायच्या आधीच मेलेला शिपाई. बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय. टोप्या आप्पांनी स्वतः आणलेल्या. आणि बार असा दणक्यात उडाला, असा उडाला, की मेलेला मी उठलो आणि थेट घरापर्यंत पळत गेलो.