पाठ केलेला नंबर

सातचा पाढा यायच्या आधी मला एका सायकलचा नंबर पाठ होता. के, सात, चार, शून्य, नऊ, दोन. अजूनही झोपेतून उठवून विचारा, सांगतो.

सायकल माझी नव्हती, अक्काची होती. ती आठवीत गेली तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला नवी लेडीज सायकल घेतली. त्याच सुमारास नरडाण्याला त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एकाची सायकल चोरीला गेली. नाना त्याच्याबरोबर चौकीत गेले. हवालदारानं फ्रेमचा नंबर विचारला, त्या गड्याला काही सांगता येईना. "नंबर माहीत नाही, मग सायकल तुमचीच कशावरून?" या प्रश्नानं नानांची झोपच उडवली. दसऱ्याला सायकली धुऊन, हळदकुंकू लावून झालं, नानांनी नंबर कागदावर उतरवून अक्काला पाठ करायला दिला आणि त्या दिवसापासून जेवताना उलटतपासणी सुरू झाली. अक्का चुकली की भाकरी थांबायची. मी शेजारी बसून फुकटात शिकलो. नानांच्या स्वतःच्या काळ्या सायकलचा नंबर मात्र कुणी विचारला नाही. "मना खटाराले कोन नेस!" म्हणायचे.

यंदा नाना गेले. आई आधीच गेलेली. शिंदखेड्याचं घर रिकामं करायला मी धुळ्याहून आलो, अक्का फैजपूरहून आली. हक्कसोडपत्रावर तिनं आधीच सही केली होती. आमच्याकडे लेकीनं माहेरून साडीचोळी घ्यावी, वस्तू मागू नये. मागितली तर चार लोक नावं ठेवतात आणि अक्काला तर नावं ठेवून घेण्याची भारी भीती. मी दर खोलीत विचारायचो, "हे नेतेस का?" ती म्हणायची, "माले काही नको." डोळे कोरडे, हात भांड्यांत. नानांची काळी सायकल मी माझ्याकडे न्यायची ठरवली होती. अक्का दोनदा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली, सीटवरची धूळ पदरानं पुसली आणि परत आत गेली. मला कळत होतं. पण तोंडानं मागेल तर ती अक्का कसली!

तिची लेडीज सायकल पार गंजली होती, ती भंगारात जाणार होती. भंगारवाल्याची वाट बघता बघता मला खाज सुटली. इतकी वर्षं घोकला तो नंबर खरंच कुठे असतो, हे आम्ही भावंडांनी कधी पाहिलं नव्हतं! सायकल उलटी केली. पायडलं जिथे बसतात त्या नळीच्या पोटाखाली रंगाचे थरच्या थर. दर दसऱ्याला नाना ब्रश फिरवायचे ना. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. हळूहळू आकडे वर आले.

एकही जुळेना.

"अक्का, तुझी सायकल शाळेत बदलली गेलीय!" मी ओरडलो. ती धावत आली. आधी शाळेतल्या मैत्रिणींचा उद्धार झाला, मग दुकानदाराचा. त्या काळच्या स्वस्त कुलपांना एकमेकांच्या किल्ल्या लागायच्या, त्यामुळे संशयाला जागा भरपूर होती. मग तिनंच खाली वाकून कॅरिअर पाहिलं. मला मागे बसवून ती नाल्यात पडली होती, तेव्हा वाकलेली पट्टी अजून तशीच होती. सायकल तिचीच. मग नंबर कुणाचा?

आता मला राहवेना. नानांची काळी सायकल ओढून उलटी केली आणि खरवडायला घेतली. आधी के निघाला. मग सात. अक्का माझ्या खांद्यावरून वाकून पुढचे आकडे मोठ्यानं म्हणत होती आणि ते तसेच निघत होते.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. दसऱ्याला दोन्ही सायकली अंगणात शेजारी उलट्या ठेवलेल्या असणार, आणि आमच्या हुशार बापानं शेजारच्या सायकलचा नंबर वाचला! आणि त्या नंबरासाठी पोरीची भाकरी अडवली!

हसू ओसरलं तशी अक्का खाली बसली. काळ्या सायकलच्या हँडलवर हात ठेवून म्हणाली, "हाई सायकल मनी शे."

"अगं, नानांची चूक आहे ती."

"मग? नानानी चूक तू सुधारशी का रे?"

आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं माहेरात काही मागितलं होतं, तेही हक्कानं. मी सायकल सरळ उभी करून तिच्या हातात दिली. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी भांडी बांधणारी माझी बहीण त्या सीटवर डोकं टेकून ढसाढसा रडली. फैजपूरला जाणारा टेम्पो शोधायला मी बाहेर पडलो.