सटीच्या कागदावर

माझी मुलगी पुस्तक उलटं धरून वाचायची. गावच्या शाळेत पहिलीचे सगळे धडे पोरं गुरुजींच्या मागं एका सुरात ओरडत, आणि हिला ते तोंडपाठ झाले होते. बोट भलत्याच शब्दावर आणि तोंड पुढच्या ओळीवर. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "पोर कसी फटाफट वाचस!" मी मात्र घाबरले. मी स्वतः सातवी पास होऊन या तापीकाठच्या घरात आले होते. घरातल्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटी, आणि माझीच मुलगी आंधळी राहते की काय, या विचारानं मला घास गोड लागेना.

मग मीच शिकवायला बसले. दुपारी धुणीभांडी आटोपली की ओसरीवर चिंचोके मांडून अक्षरं गिरवायची. आधी आवाज, मग अक्षर. "क म्हण. आता तोंड उघडून म्हण. का. उघडलं की काना." हे तिला पटकन कळलं. पहिली वेलांटी आखूड, दुसरी लांब, हेही कळलं. अडलं ते पुढं. "जसं ऐकू येतं तसं लिही," असं मीच सांगितलं होतं, तर बाईसाहेबांनी 'केयी' लिहून दाखवली. आमच्याकडे केळीला सगळे केयीच म्हणतात, तिचं काय चुकलं? पुस्तकातली भाषा घरात कुणी बोलतच नव्हतं. मी चिडायची, पाटी पुसायची, पुन्हा लिहायला लावायची. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती दुसरीच, हा एक नियम मी तिच्याकडून इतका घोटून घेतला की ती झोपेतही चुकली नसती. आळस केला की दटावायची, "बोललेलं वारा नेतो, लिहिलेलं राहतं. लिहिलं तसंच होतं, समजलीस?" धाक दाखवायला मी काहीही बोलत असे.

त्याच हिवाळ्यात मला मुलगा झाला. मूल जन्मलं तेव्हा बरं होतं. तिसऱ्या दिवसापासून ते दूध ओढेना. छातीशी घेतलं की दोनदा चोखून मान टाकायचं. अंग पिवळं पडत चाललं. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास लागतोय ना बघायला. मुलगी दारात उभी राहून तेच विचारायची, "भाऊ दूध पिना का?" मी 'नाही प्याला' म्हणायची, आणि ती निघून जायची.

सटीच्या, म्हणजे सहाव्या दिवसाच्या संध्याकाळी सासूबाईंनी पाटावरवंटा मांडला, दिवा लावला आणि पुढं कोरा कागद ठेवला. शेजारी मुलीच्याच दप्तरातला टाक आणि दौत. रात्री सटी येते आणि बाळाच्या नशिबाचं लिहून जाते, हे सासूबाईंनी मुलीला समजावून सांगितलं. तिनं फार लक्ष देऊन ऐकलं. सकाळी कागद कोराच असतो, कारण देवीचं लिहिणं माणसाला दिसत नाही.

त्या सकाळी सासूबाईंची किंकाळी ऐकू आली. कागदावर शाई होती.

"सटीनी लिखं व!" त्या धावत खोलीत आल्या आणि कागद माझ्यापुढं धरला. "वाच, काय लिखेल शे?"

मी पाहिलं. डावीकडं कललेलं, दाबून काढलेलं ते अक्षर मी रोज पाटीवर पुसत होते. दोनच शब्द होते. 'दूध पी.' उकार बरोबर, शेवटची वेलांटी दुसरी. एकही चूक नव्हती.

सासूबाईंच्या मागं, दाराला धरून मुलगी उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

माझ्या माहेरी एक मुलगी होती. तिनं सटीच्या पूजेचा दिवा खेळताना विझवला आणि पुढं तिचा भाऊ गेला. तेव्हापासून तिला कुणी बारशाला बोलावलं नाही, पाळण्याला हात लावू दिला नाही. 'भाऊले खाई गयी' एवढंच तिचं नाव उरलं. माझ्या मांडीवरचं मूल आज जातं की उद्या, अशी अवस्था. देवीच्या कागदावर कुणी लिहिलं हे या घराला कळलं, तर माझा मुलगा गेल्यावर माझी मुलगीही गेल्यातच जमा.

"माले वाचता येत नई," मी म्हणाले. "देवीचं अक्षर आहे, माणसाचं नाही."

मुलीचा चेहरा उतरला. मला वाटलं, घाबरली असेल. ती तिथून पळाली.

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. शिकलेल्या सुनेला वाचता येईना, तर गुरुजी वाचतील. "मास्तरले दखाडू," म्हणून त्यांनी कागद पदरात बांधला. गुरुजी ते अक्षर एका नजरेत ओळखणार, हे मला कळत होतं. तेवढ्यात बाळ निळसर दिसू लागलं आणि मी ओरडले. मालकांनी बाळंतिणीचा विटाळ वगैरे काही न बघता बैल जुंपले. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं. कागद पदरात तसाच राहिला. सासूबाई माझ्याशेजारी गाडीत चढल्या.

गाडी हलणार, तोच मुलगी पळत आली. छातीशी पाटी. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं पाटी माझ्यापुढं धरली. मघाचेच दोन शब्द, पण या वेळी सावकाश, एकेक गाठ नीट काढून लिहिलेले.

"आते वाचता ई का तुले?" ती हुंदके देत म्हणाली. "मन्हं अक्षर खराब व्हतं. देवीले बी नई वाचता उनं. म्हणून तो पिना नई."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. तिला वाचवायला मी खोटं बोलले, आणि भाऊ आपल्या अक्षरामुळं मरतोय असं ती सकाळपासून समजून बसली होती. शेजारी सासूबाई. त्यांची नजर पाटीवर, मग पदराच्या गाठीकडं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन्ही आकार सारखे आहेत एवढं कुणालाही दिसलं असतं. मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

तरी मी वाचलं. मोठ्यानं, बैलांना ऐकू जाईल असं. "दूध पी."

सासूबाईंनी बाळाकडं पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते. मग त्यांनी वाकून नातीला बखोटीला धरलं. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी तिला ओढून गाडीत घेतलं, आपल्या मांडीशी बसवलं आणि पदराच्या टोकानं पाटी पुसली.

"आखो लिख, परत लिख," त्या म्हणाल्या. "मोठं लिख. सटीले दिसाले पाहिजे."